ऑर्डरी वाढल्या, गल्ला का नाही?

खाण्याचा छोटा धंदा करणाऱ्याकडे आज ना उद्या एक तरुण प्रतिनिधी येतोच. हातात मोबाइल आणि त्यावर तुमच्याच भागातल्या एखाद्या दुकानाच्या वाढत्या ऑर्डरींचा आलेख. फोटो आम्ही काढू, पोरगा आम्ही पाठवू, पैसे दर आठवड्याला खात्यात येतील, तुम्ही फक्त पदार्थ करा. यातलं सहसा काही खोटं नसतं. पण त्याने दाखवलेला आकडा विक्रीचा असतो आणि तुम्ही घरी नेणार तो आकडा वेगळा असतो. मधल्या अंतरात काय काय असतं हे कळलं, की हो म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येतं. पोळीभाजी केंद्र, मिसळीचं दुकान, घरगुती थाळी असा व्यवसाय करणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहितो आहे. रिक्षावाल्याला आणि कपडा विकणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

दुकानदार माल घेतो आणि विकतो. प्लॅटफॉर्म माल घेत नाही. तो दोन गटांना एकत्र आणतो आणि त्या भेटीवर पैसे मिळवतो. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, बाजार समितीतला अडत्या पिढ्यान् पिढ्या हेच करत आला आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने भाजीपाला आणि फळांवरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवून पाहा. एकूण अडत किती, यापेक्षा ती कोणत्या बाजूने कापायची यावरच भांडण होतं. ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अशा दोन बाजूंच्या बाजारांवर लिहिलं, त्याचा गाभा हाच होता. अशा बाजारात शुल्क किती यापेक्षा ते दोन बाजूंत कसं वाटलं जातं, यावर सगळा खेळ चालतो. तिरोल यांना २०१४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: या धंद्यात कोणाला गोंजारलं जातं आहे आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं आहे?

जेवण घरपोच देणाऱ्या ॲपमध्ये ग्राहक चंचल असतो. दोन बोटांत तो दुसऱ्या ॲपवर जातो. त्याला धरून ठेवायला सवलत लागते. दुकानदाराला मात्र सहज हलता येत नाही, कारण त्याचं रेटिंग, त्याचे अभिप्राय, त्याची जागा सगळं तिथेच साठलेलं असतं. ज्याला हलता येत नाही, त्याच्या बाजूने वसुली होते. २०१७ च्या शेवटी आलेली ‘झोमॅटो गोल्ड’ ही योजना पाहा. ग्राहक वर्गणी झोमॅटोला भरायचा आणि सदस्य म्हणून हॉटेलात एका पदार्थावर दुसरा फुकट मिळवायचा. वर्गणी एका खिशात, फुकटचा पदार्थ दुसऱ्या खिशातून. सुरुवातीला नवे ग्राहक मिळतील म्हणून हॉटेलं आनंदाने गेली. मग शेजारचा आहे म्हणून आपल्यालाही असावं लागलं. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामपासून हॉटेलवाल्यांनी अशा सवलत-योजनांतून बाहेर पडण्याची ‘लॉगआउट’ मोहीमच काढली.

तरीही कंपन्या तुमच्या जिवावर गब्बर झाल्या, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या झोमॅटोला पहिल्यांदा निव्वळ नफ्याची तिमाही दिसली ती एप्रिल ते जून २०२३ मध्ये, आणि तो नफा होता दोन कोटी रुपये. उबर ईट्सने भारतातला धंदा जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोला विकून काढता पाय घेतला. पावसात दुचाकीवरून डबा पोचवण्याला खरोखर खर्च येतो आणि तो कोणाला तरी सोसावा लागतो. अनेक वर्षं तो गुंतवणूकदारांनी सोसला. आता ते परतावा मागू लागले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये झोमॅटोने दोन रुपयांची ‘प्लॅटफॉर्म फी’ लावली, पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत ती दहा रुपये झाली. स्वस्ताई कायमची धरून ज्यांनी आपला धंदा आखला, त्यांचं गणित इथे बिघडतं. आजचे दर हे सुरुवातीचे दर आहेत, असंच समजून चाला.

आता वही काढा. मी इथे मानलेले आकडे घेतो, तुमच्या करारातले तुम्ही घाला.

समजा तुमची थाळी काउंटरवर १५० रुपयांना आहे. ॲपवर तुम्ही ती २०० ला लावली. प्रतिनिधीने आग्रह केला म्हणून ४० रुपयांची सवलत दिली, ती पूर्ण तुमच्या माथी. उरले १६०. त्यावर २५ टक्के कमिशन, म्हणजे ४० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ७ रुपये २० पैसे. ऑनलाइन पेमेंटचं शुल्क करासकट ४ रुपये धरू. ॲपमधल्या जाहिरातीवर आठवड्याला ६०० रुपये जातात आणि आठवड्याला ६० ऑर्डरी येतात, म्हणजे दर ऑर्डरीमागे १० रुपये. खात्यात पडायचे ते ९८ रुपये ८० पैसे. डबे, पिशवी, चमचा यांचे १२ वजा करा. धान्य, भाजी, तेल, गॅस यांचे ७५ वजा करा. हातात ११ रुपये ८० पैसे. यातून अजून जागेचं भाडं आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा पगार द्यायचा आहे.

ग्राहकाला मात्र हीच थाळी जीएसटी, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी धरून सव्वादोनशेच्या घरात पडली असेल. त्याला वाटतं दुकानदाराने भाव चढवले, दुकानदाराला वाटतं ग्राहक फुकट्या झाला. दोघांचंही दुखणं खरं असतं.

या हिशेबातल्या तीन जागा नीट पाहा, कारण माझ्याकडे हिशेब घेऊन येणारे बहुतेकजण तिथेच घसरलेले असतात.

एक, कमिशन कशावर? सवलतीआधीच्या २०० वर की नंतरच्या १६० वर? दोनशेवर असेल तर कमिशन ४० चं ५० होतं आणि त्यावरच्या करासकट तुमचे ११ रुपये ८० पैसे शून्यावर येतात. अक्षरशः शून्यावर, करून पाहा. पॅकिंगचे पैसे ग्राहकाकडून वेगळे घेत असाल तर त्यावरही कमिशन लागतं का, तेही विचारा. प्रतिनिधी टक्का सांगतो, टक्का कशाचा ते कराराच्या पानात असतं.

दोन, कमिशनवरचा जीएसटी. तुम्ही पाच टक्क्यांच्या दरात जेवण विकत असाल तर या कराचा परतावा, म्हणजे इनपुट क्रेडिट, मिळत नाही. तो सरळ तुमचा खर्च आहे. जेवणावरच्या ५ टक्के जीएसटीचं मात्र वेगळं आहे. १ जानेवारी २०२२ पासून तो प्लॅटफॉर्मच सरकारात भरतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर ही विक्री विवरणपत्रात वेगळ्या रकान्यात दाखवायची असते, तिच्यावर पुन्हा कर भरायचा नसतो. दोनदा भरणारी माणसं आहेत. कंपोझिशन योजनेत असाल तर ॲपवर जाण्याआधी कर सल्लागाराला विचारल्याशिवाय सही करू नका. टीडीएस कापला जातो, पण ऑक्टोबर २०२४ पासून तो एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला आहे आणि आयकर विवरण भरताना वळता होतो, त्याची फार चिंता नको. फक्त पॅन बरोबर दिला आहे ना, ते पाहा.

तीन, जाहिरात. ६०० रुपये साठ ऑर्डरींत वाटले म्हणून दहा दिसले. पण हा भागाकारच चुकीचा आहे. जाहिरात बंद ठेवली तर ऑर्डरी किती येतात? समजा ४५. म्हणजे जाहिरातीने आणल्या फक्त १५, आणि त्या प्रत्येकीला ४० रुपये पडले. जाहिरातीआधी तुमच्या हातात दर ऑर्डरीला २१ रुपये ८० पैसे राहत होते. म्हणजे २१ रुपये ८० पैसे मिळवायला तुम्ही ४० घालत होता. ॲपच्या पडद्यावर हे दिसणार नाही. तिथे ‘जाहिरातीतून आलेली विक्री’ असा मोठा आकडा दिसतो, आणि एरवीही तुमच्याकडेच आला असता असा ग्राहक त्यातून वजा केलेला नसतो. तपासायचा मार्ग सोपा आहे. सणवार नसलेले दोन आठवडे जाहिरात बंद ठेवा, पुढचे दोन चालू ठेवा, आणि वहीत फरक मांडा. प्रतिनिधीचा फोन येईल की तुमचं दुकान खाली गेलं. जाऊ द्या, दोन आठवड्यांनी कळेलच.

हाच प्रश्न सगळ्या व्यवहाराला विचारायचा असतो: ही ऑर्डर नवी आहे की माझीच जुनी, लांबच्या रस्त्याने आलेली? काउंटरवर १५० ला विकलेल्या थाळीत सामान आणि गॅस वजा जाता ७५ रुपये राहतात. ॲपवर राहतात ११ रुपये ८०. सहा ऑर्डरींचे झाले ७० रुपये ८० पैसे. म्हणजे ॲपवरच्या सहा ग्राहकांपैकी एक जरी एरवी चालत तुमच्याकडे आला असता, तरी हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला. उलट, दुपारी तीन ते सात तुमचं स्वयंपाकघर रिकामं असेल, बाई बसून असतील, भाडं तर लागतंच आहे, आणि त्या वेळात चार किलोमीटरवरच्या कंपनीतून ऑर्डरी येत असतील, तर तेच ११ रुपये वरकमाई आहेत. आकडा तोच, पण धंदा वेगळा. म्हणून मी कोणाला सरसकट ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ म्हणत नाही. गर्दीच्या वेळी ॲप बंद आणि मोकळ्या वेळी चालू, एवढं जरी कोणी केलं तरी ताळेबंद सुधारतो. काउंटरवर नेहमी खपतात ते पदार्थ ॲपवर न ठेवता वेगळे, टिकाऊ, मार्जिनचे पदार्थ ठेवणं हाही एक मार्ग. साबुदाणा वडा तासाभरात मऊ पडतो आणि रेटिंग घेऊन बुडतो. पुरणपोळीला प्रवासाचं वावडं नाही.

जुना ग्राहक कोण, हे ओळखणं मात्र अवघड करून ठेवलेलं असतं. काउंटरवरचा माणूस तुम्हाला नावाने माहीत असतो. ॲपवरच्या माणसाचं तुम्हाला फार तर पहिलं नाव दिसतं. नंबर, पत्ता, तो आणखी कुठून काय मागवतो, हे सगळं सहसा प्लॅटफॉर्मकडे राहतं. कमिशनपेक्षाही माझ्या मते हीच मोठी किंमत आहे, आणि ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसते. आज कोण कोणत्या भागात काय खातं हे ज्याला माहीत आहे, तो उद्या कोणाला वर दाखवायचं ते ठरवतो आणि वरच्या जागेचं भाडं लावतो. अडत्याशी साम्य इथे संपतं. अडत्याला आपला शेतकरी आणि आपला व्यापारी दोघंही ओळखतात, एकमेकांनाही पाहतात.

यावर तुमच्या हातात आहे ते छोटं पण चिवट आहे. काउंटरवर येणाऱ्याचा नंबर त्याच्या संमतीने घ्या, व्हॉट्सॲप बिझनेसवर रोजचा बेत पाठवा, गूगल मॅप्सवरची तुमच्या दुकानाची नोंद स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या ताब्यात ठेवा. ती नोंद भाच्याच्या किंवा ‘मार्केटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याच्या खात्यावर नको. एक-दोन किलोमीटरच्या आतल्या ऑर्डरींना तुमचाच पोऱ्या जाऊ शकतो. ॲपच्या डब्यात स्वतःची चिठ्ठी घालायला करार परवानगी देतो का, ते आधी वाचा.

करार वाचा म्हणतो, पण कोणी वाचत नाही हे मलाही ठाऊक आहे. इंग्रजीत चाळीस पानं असतात. निदान चार जागा शोधून काढा. ॲपवरचा भाव काउंटरपेक्षा किंवा दुसऱ्या ॲपपेक्षा जास्त ठेवू नये अशी अट आहे का? भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात भावाच्या अशा अटी आणि ठरावीक हॉटेलांना मिळणारं झुकतं माप हेच मुद्दे होते. अशी अट असेल तर माझा वरचा २०० आणि १५० चा हिशेबच मोडतो. दुसरी जागा: कंपनी तुम्हाला न विचारता सवलतीत सहभागी करून घेऊ शकते का, आणि नको असल्यास ती कुठून बंद करायची. तिसरी: ग्राहकाने तक्रार केली की परताव्याचे पैसे कोणाच्या खात्यातून जातात आणि तुमचं म्हणणं मांडायला किती दिवस मिळतात. चौथी: वाद झाला तर लवाद कोणत्या शहरात. सातारच्या दुकानदाराला सात हजारांसाठी बेंगळुरू किंवा दिल्लीला जावं लागणार असेल, तर ते पैसे गेलेच म्हणायचे. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला सांगतात, पण ते ग्राहकासाठी आहेत. तुम्ही व्यापारी. त्या नियमांतली एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे: यादीत वरखाली कोणत्या मुख्य निकषांवर ठरतं, हे प्लॅटफॉर्मने सोप्या भाषेत जाहीर केलं पाहिजे. ते पान शोधा आणि वाचा. रेटिंगइतकंच वजन ऑर्डर नाकारण्याच्या प्रमाणाला आणि तयार करायला लागणाऱ्या वेळेला असल्याचं कदाचित आढळेल.

कमिशन नकोच, ठरावीक रक्कम बरी, असं अनेकांना वाटतं. रिक्षावाल्यांनी हा रस्ता आधी धरला. बेंगळुरूत नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नम्मा यात्री’ हे रिक्षाचं ॲप सुरू झालं, आणि प्रत्येक फेरीत वाटा घेण्याऐवजी पुढे दिवसाला २५ रुपयांसारखी वर्गणी घेऊ लागलं. चालकांना ते इतकं पटलं की २०२५ मध्ये उबरनेही रिक्षांसाठी कमिशन सोडून वर्गणी धरली. दिवसाला हजाराचा धंदा करणाऱ्याला यात फायदा उघड आहे. पण कमिशन घेणाऱ्याचं पोट तुमच्या विक्रीवर असतं. तुमची फेरी बुडाली तर त्याचंही बुडतं. वर्गणी घेणाऱ्याला सकाळीच पैसे मिळालेले असतात. भाड्यावरून वाद झाला, प्रवासी पळाला, तर तो म्हणतो मी फक्त गाठ घालून दिली. ज्याला आठवड्यातून दोनच दिवस रिक्षा काढायची आहे, किंवा ज्याचं दुकान नवं आहे आणि ऑर्डरी तुरळक आहेत, त्याला टक्केवारीच परवडते. धंदा स्थिरावला की ठरावीक रकमेकडे वळावं. व्यवसायांची यादी ठेवणारी संकेतस्थळंही अशीच ठरावीक रक्कम घेतात, त्यांचं पॅकेज घेताना एक पथ्य पाळा: बँकेच्या ऑटो-डेबिटच्या कागदावर सही करण्याआधी तो किती महिन्यांचा आहे आणि कसा थांबवायचा, हे लेखी मागून घ्या.

‘शून्य कमिशन’ ही पाटी दिसली, की कमिशनचा विचार सोडून बाकीचे रकाने पाहायचे. मीशो या ऑनलाइन बाजाराने २०२१ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्यावर आणलं. त्यांची कमाई वाहतूक आणि जाहिरातीतून येते, आणि त्यात लपवाछपवीही काही नाही. पण इचलकरंजीहून किंवा सोलापुरातून कपडा पाठवणाऱ्याचा नफा कमिशनमध्ये जात नाही, तो परत आलेल्या पार्सलांत जातो. शंभर साड्या गेल्या आणि त्यातल्या वीस परत आल्या, तर जाण्यायेण्याची वाहतूक कोणावर, घडी मोडलेल्या साडीचं काय, आणि तितके दिवस अडकलेल्या पैशाचं व्याज कोण देतं? यूपीआयचंही थोडं तसंच. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर शुल्क नाही, म्हणून पेमेंटचे ॲपवाले ‘पैसे जमा झाले’ बोलणाऱ्या खोक्याचं भाडं घेतात आणि तुमची रोजची उलाढाल पाहून कर्ज देऊ करतात. कर्ज वाईट नाही, पण रोजच्या जमेतून रोज कापला जाणारा हप्ता वर्षाच्या व्याजात किती बसतो, हे बँकेत विचारून मग घ्या.

ओएनडीसीबद्दल हल्ली बरेच विचारतात. ते ॲप नाही, सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या शेवटी नोंदलेल्या कंपनीने उभं केलेलं ऑनलाइन विक्रीचं जाळं आहे. ग्राहक एका ॲपवर असतो, तुम्ही दुसऱ्यावर, वाहतूक तिसऱ्याची. एकाच कंपनीच्या हातात सगळ्या नाड्या राहू नयेत, हा विचार मला पटतो. व्यवहारात मात्र तक्रार आली की तिघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. जोडून घ्यायला हरकत नाही. सगळा धंदा त्यावर आत्ताच टाकू नका.

बाहेर पडायची वेळ आली तर तेही हिशेबाने करा. आधी जाहिरात आणि सवलती बंद करा, मग खात्यात पैसे जमा होण्याचे दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे थकलेले परतावे आणि दंड काय निघतात ते कळेल. दर आठवड्याची जमापत्रकं आणि कमिशनची बिलं उतरवून घ्या. खातं बंद झाल्यावर ती मिळवणं जिकिरीचं असतं आणि विवरणपत्र भरताना तीच लागतात. कंपनीने काढलेले पदार्थांचे फोटो दुसरीकडे वापरता येतात का, ते करारात बघा. नाहीतर खिडकीजवळ सकाळच्या उजेडात आपले आपण काढा, आजकालचे मोबाइल पुरेसे आहेत. खातं कायमचं पुसून टाकण्याऐवजी ‘तात्पुरतं बंद’ करता येत असेल तर तेच करा. रेटिंग मिळवायला वर्षं लागतात, आणि पुढच्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की काउंटर ओस पडेल, तेव्हा तेच दार पुन्हा उघडावंसं वाटेल.